सदाशिवरावभाऊंची प्रतिमा : आरोप, गौरव आणि उत्तरदायित्वाचा प्रश्न

प्रस्तावना

मराठी भाषेत 'पानिपत होणे' हा वाक्प्रचार संपूर्ण वाताहतीचा वाचक म्हणून रूढ झाला आहे. 'विश्वास तर पानिपतातच गेला' ही विश्वासरावांच्या नावावरची कोटीही बोलण्यात अधूनमधून ऐकू येते. एखादे युद्ध भाषेत अशा रीतीने मुरते, तेव्हा त्याच्या सेनापतीची प्रतिमा इतिहासग्रंथांपुरती मर्यादित राहत नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी अहमदशाह अब्दालीशी झालेल्या लढाईत मराठी फौजांचे नेतृत्व करणारे सदाशिवराव चिमाजी ऊर्फ भाऊसाहेब (१७३०–१७६१) यांच्याविषयी अडीच शतकांहून अधिक काळ मराठीत लिहिले जात आहे. या लेखनात त्यांच्या दोन प्रतिमा आलटून पालटून समोर येतात. पहिली हट्टी, गर्विष्ठ, वडीलधाऱ्यांचा सल्ला झिडकारणाऱ्या व उत्तरेची माहिती नसलेल्या कारभाऱ्याची. तर दुसरी स्वकीयांनी दगा दिलेल्या, देशरक्षणासाठी देह ठेवणाऱ्या वीराची.

या दोन प्रतिमा परस्परविरोधी मानल्या जातात. तथापि बारकाईने पाहिल्यास त्या एकाच गृहीतकावर उभ्या असल्याचे दिसून येते. पानिपतच्या निकालाचे मूळ कोणातरी एका व्यक्तीच्या स्वभावात शोधायचे, हे ते गृहीतक होय. आरोप करणारे ते मूळ भाऊंच्या स्वभावात शोधतात, तर बचाव करणारे मल्हारराव होळकर, गोविंदपंत बुंदेले किंवा सूरजमल जाट यांच्या स्वभावात. या वादात सेनापतीचे प्रत्यक्ष निर्णय आणि त्या निर्णयांचे उत्तरदायित्व हा प्रश्न मात्र बाजूला पडतो. प्रस्तुत लेखात बखर, इतिहासलेखन व ललित साहित्य यांतून भाऊंची प्रतिमा कशी घडत गेली याची चिकित्सा करून हा प्रश्न पुन्हा मांडला आहे.

१. पानिपतापूर्वीचे भाऊ

भाऊ हे चिमाजीअप्पांचे पुत्र व बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशव्यांचे चुलतबंधू. पानिपतापूर्वीची त्यांची कारकीर्द प्रामुख्याने दक्षिणेत घडली. १७४६ च्या कर्नाटक मोहिमेपासून त्यांना लष्करी अनुभव मिळू लागला. १७५० च्या सांगोला प्रकरणात यमाजी शिवदेवाचा बंदोबस्त करून मराठी राज्याची सूत्रे साताऱ्याहून पुण्याकडे आणण्यात त्यांचा महत्त्वाचा वाटा होता. त्यानंतर पेशव्यांचे दिवाण म्हणून त्यांनी जमाखर्चाच्या कारभाराला शिस्त लावली. ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीर येथे निजामावर मिळवलेला विजय हा या कारकीर्दीचा कळस म्हणावा लागेल. इब्राहीमखान गारद्याच्या कवायती पायदळाचा व तोफखान्याचा या विजयात मोठा हात होता. तहानुसार सुमारे साठ लाखांचा मुलूख व अहमदनगर, दौलताबाद यांसारखी महत्त्वाची ठाणी मराठ्यांकडे आली.

ही पार्श्वभूमी दोन कारणांसाठी लक्षात घेणे आवश्यक आहे. पहिले म्हणजे, उत्तरेच्या स्वारीसाठी भाऊंची निवड भावनेच्या भरात झालेली नव्हती. रघुनाथरावांची १७५७–५८ ची स्वारी लाहोरपर्यंत यशस्वी झाली, पण परतताना ती मोठे कर्ज घेऊन आली. दत्ताजी शिंदे १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर पडले. अशा वेळी हिशेबाला चोख व नुकताच विजयी झालेला सेनानी पाठवावा, हा विचार स्वाभाविक होता. दुसरे म्हणजे, सरदारांना व मामलेदारांना हिशेब विचारणारा माणूस म्हणून भाऊ उत्तरेत पोहोचले. ज्यांच्याकडे वर्षानुवर्षांच्या बाक्या थकलेल्या होत्या त्यांना त्यांचे आगमन सुखावह वाटणे शक्य नव्हते. भाऊंच्या 'ताठ' स्वभावाविषयीच्या साक्षी वाचताना साक्षीदाराचा हा अनुभव दृष्टीआड करता येत नाही.

२. बखरींतील भाऊ

'भाऊसाहेबांची बखर' ही मराठी गद्यातील एक श्रेष्ठ कृती मानली जाते. कृष्णाजी शामराव याच्या नावावर सांगितली जाणारी ही बखर केवळ पानिपताची हकीकत सांगत नाही. रघुनाथरावांची उत्तरेतील स्वारी, कुंभेरीचा वेढा, नागोरला जयाप्पा शिंद्यांचा झालेला खून, दत्ताजींचा अंत अशा प्रसंगमालिकेतून ती पानिपतापर्यंत येते. शिंदे घराण्याविषयीची आपुलकी तिच्यात जागोजागी जाणवते. साहजिकच होळकरांविषयीचा सूर तिरकस आहे. नजीबखानाला जिवंत ठेवण्यामागे मल्हाररावांचा स्वार्थ होता, हे चित्र मराठी मनात रुजवण्यात या बखरीचा वाटा मोठा आहे.

मात्र हीच बखर भाऊंनाही सोडत नाही. जड बुणगे, बायकामुले व अवजड सरंजाम मागे सुरक्षित ठेवून हलक्या फौजेने गनिमी काव्याची लढाई द्यावी, असा सल्ला अनुभवी सरदार देतात आणि भाऊ तो तुच्छतेने नाकारतात, असा प्रसंग बखरपरंपरेत ठळकपणे येतो. वडीलधाऱ्याचा अपमान, त्याच्या मनात बसलेली अढी आणि शेवटी तिचे भोगावे लागलेले फळ, अशी या प्रसंगाची रचना आहे. ती भारतीय श्रोत्याला महाभारतापासून परिचित आहे. बखरकाराला आपत्तीचा अर्थ लावायचा आहे आणि त्यासाठी त्याच्या हाताशी असलेले साधन म्हणजे कथा. कथेला स्वभावदोष लागतो. रसदेचा तुटवडा तिला पुरत नाही.

रघुनाथ यादवाची 'पाणिपतची बखर' गोपिकाबाईंच्या आज्ञेवरून लिहिली गेल्याचे सांगितले जाते. विश्वासरावांच्या मातोश्रींसाठी लिहिलेल्या वृत्तान्तात शौर्याला व दैवगतीला प्राधान्य मिळणे स्वाभाविक होय. होळकरांच्या बाजूने लिहिल्या गेलेल्या कैफियतीत मल्हाररावांच्या रणांगण सोडण्याला वेगळे समर्थन मिळते. प्रत्येक वृत्तान्तामागे एक घराणे, एक श्रोता व एक नुकसान उभे आहे. त्यामुळे बखरींना खोट्या ठरवण्याचे कारण नाही. पण त्यांतील स्वभावचित्र हा तटस्थ पुरावा आहे, असेही मानता येत नाही.

३. उत्तरेकडील वृत्तान्त व इंग्रजी इतिहास

काशीराज पंडित हा शुजाउद्दौल्याच्या पदरी होता. लढाईच्या वेळी तो अब्दालीच्या बाजूच्या छावणीत होता आणि वाटाघाटींशी त्याचा संबंध आला होता. त्याने सुमारे दोन दशकांनंतर फार्सीत लिहिलेला वृत्तान्त जेम्स ब्राउनच्या इंग्रजी भाषांतरामुळे युरोपीय अभ्यासकांच्या हाती पडला. जेम्स ग्रँट डफच्या १८२६ च्या मराठ्यांच्या इतिहासातील पानिपतचे चित्र या परंपरेला बरेच जवळचे आहे. तेथील भाऊही अभिमानी व उत्तरेतील मुत्सद्द्यांचा सल्ला न मानणारे आहेत.

याच परंपरेतून आलेला एक आरोप तपासून पाहण्याजोगा आहे. विश्वासरावांना दिल्लीच्या तख्तावर बसवण्याचा भाऊंचा मानस होता, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊंनी दिल्लीत शाहआलम दुसरा याच्या नावाची बादशहा म्हणून द्वाही फिरवली, त्याचा पुत्र जवानबख्त यास युवराज ठरवले आणि वजिरी शुजाउद्दौल्याला देऊ केली. १७५२ च्या करारानुसार मराठ्यांनी बादशाहीच्या रक्षणाची जबाबदारी स्वीकारली होती. भाऊंची ही कृती त्या चौकटीत बसते. शुजाला आपल्या बाजूला वळवण्याचा तो उशिराचा, पण विचारपूर्वक केलेला प्रयत्न होता. तो फसला, हे खरे. परंतु तख्त बळकावू पाहणारा उन्मत्त दक्षिणी ही प्रतिमा या कृतीशी जुळत नाही.

भरतपूरच्या परंपरेतील भाऊ आणखी वेगळे आहेत. सूरजमलने दिलेला सल्ला त्यांनी मानला नाही, दिवाण-ए-खासचे रुप्याचे छत उतरवले आणि मित्राला दूर लोटले, अशी ती स्मृती आहे. पराभवानंतर उपाशी, जखमी मराठ्यांना सूरजमलच्या राज्यात अन्नवस्त्र व आसरा मिळाला, हे मराठी साधनेही कृतज्ञतेने नोंदवतात. ही स्मृती किती जिवंत आहे याचा प्रत्यय डिसेंबर २०१९ मध्ये आला. आशुतोष गोवारीकर यांच्या 'पानिपत' या हिंदी चित्रपटातील सूरजमलच्या चित्रणाविरुद्ध राजस्थानात आंदोलने झाली व निर्मात्यांना काही भाग वगळावा लागला. मराठी वाचकाला सूरजमलचे निघून जाणे हा दगा वाटतो. भरतपूरच्या वाचकाला तो अपमानित मित्राचा विवेक वाटतो.

४. राजवाडे ते शेजवलकर : बचावाची परंपरा

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रव्यवहार आहे. या पत्रांमुळे पानिपतचा अभ्यास बखरीच्या भूमीवरून कागदपत्रांच्या भूमीवर आला. राजवाड्यांचे हे कार्य युगप्रवर्तक होय. तथापि त्यांच्या विस्तृत प्रस्तावनेत पुराव्याचे स्वरूप बदलले, खटल्याचे स्वरूप बदलले नाही. भाऊंना आरोपीच्या पिंजऱ्यातून काढून तेथे गोविंदपंत बुंदेले व मल्हारराव होळकर यांना उभे केले गेले. पैसा व रसद वेळेवर न पोहोचवणे आणि नजीबखानाला पाठीशी घालणे, हे त्यांच्यावरील मुख्य आरोप. पारतंत्र्याच्या काळात फितुरीमुळे झालेला पराभव हे स्पष्टीकरण वाचकांना पटणारे होते, कारण त्यात समाजाचे सामर्थ्य अबाधित राहत होते.

गोविंदाग्रजांच्या 'पानपतचा फटका' या कवितेने युद्धाला महाभारताच्या तोलामोलाचे स्थान दिले. गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांच्या संपादनातून अभ्यासाची सामग्री वाढवली. पानिपताने मराठी सत्ता मोडली, हे मत त्यांना मान्य नव्हते. १७७१ मध्ये मराठे पुन्हा दिल्लीत आले व पुढच्याच वर्षी शाहआलमला त्यांनी तख्तावर बसवले, ही घटना त्यांच्या प्रतिपादनाला आधार देते. त्यांचे स्नेही यदुनाथ सरकार यांना मात्र हा पराभव निर्णायक वाटला. दोन मित्रांमधील हा मतभेद मराठी इतिहासलेखनातील निकोप वादाचा नमुना आहे.

त्र्यंबक शंकर शेजवलकर यांचा पानिपतवरील इंग्रजी ग्रंथ १९४६ मध्ये व मराठी ग्रंथ १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष भूमीची पाहणी, पत्रांचे बारीक वाचन आणि लष्करी हालचालींचा विचार यांमुळे भाऊंच्या समर्थनाला प्रथमच भक्कम पाया मिळाला. १४ जानेवारीची लढाई ही 'गोलाची लढाई' होती. म्हणजे तोफखाना व कवायती पायदळ यांच्या आधाराने गोल बांधून, बुणग्यांना मध्ये घेऊन सरकत जाण्याचा बेत होता, हे त्यांचे प्रतिपादन महत्त्वाचे आहे. हा बेत मान्य केल्यास भाऊ अविचाराने तुटून पडले, हा आक्षेप गळून पडतो. विंचूरकर व गायकवाड यांच्या पथकांनी जागा सोडून पुढे धाव घेतल्याने गारद्यांच्या तोफांचा मारा अडला आणि गोल फुटला, असे स्पष्टीकरण यातून मिळते.

परंतु शेजवलकर येथे थांबत नाहीत. परकीय आक्रमणाविरुद्ध हिंदुस्थानच्या वतीने उभा राहिलेला एकमेव पुरुष, या पातळीवर ते भाऊंना नेतात. लष्करी विश्लेषण आणि नैतिक गौरव येथे एकमेकांत मिसळतात. हेतू उदात्त होता हे सिद्ध झाल्याने निर्णय योग्य होता, हे सिद्ध होत नाही. बचावाच्या परंपरेतील ही मुख्य तार्किक उणीव होय.

५. कादंबरीतील भाऊ

१९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्वास पाटील यांच्या 'पानिपत' या कादंबरीने भाऊंची आजची लोकमान्य प्रतिमा घडवली. याच कादंबरीवर आधारित 'रणांगण' हे नाटक रंगभूमीवर आले. पैशाची चणचण, चारापाण्याची टंचाई, थंडी व उपासमार यांचे कादंबरीतील चित्रण परिणामकारक आहे. युद्ध हे तलवारीइतकेच धान्याच्या गोण्यांवर चालते, ही जाणीव सामान्य वाचकापर्यंत पोहोचवण्याचे श्रेय तिला द्यावे लागेल.

मात्र कादंबरीची निवेदनपद्धती भाऊंच्या अंतरंगात शिरणारी आहे. वाचक त्यांच्या मनातून छावणी पाहतो. त्यामुळे त्यांचे प्रत्येक पाऊल समजण्याजोगे व पुढे समर्थनीय वाटू लागते. दुसरीकडे नजीबखानाचे कारस्थान हे कथानकाचे चालक बल बनते. बखरीतील स्वभावदोषाची कथा येथे उलटी झाली आहे. दोष नायकाकडून प्रतिनायकाकडे सरकला आहे. ललित कृतीला हे स्वातंत्र्य आहेच. परंतु महाविद्यालयीन स्तरावर ही कादंबरी पुष्कळदा इतिहासाच्या जागी वाचली जाते, म्हणून ही मर्यादा नोंदवणे आवश्यक ठरते.

भाऊंच्या मृत्यूविषयीच्या संशयानेही या प्रतिमेला हातभार लावला. पार्वतीबाईंनी १७८३ मधील आपल्या मृत्यूपर्यंत सौभाग्यचिन्हे उतरवली नाहीत. १७७६ मध्ये भाऊंच्या नावाने तोतया उभा राहिला, त्याला लक्षणीय अनुयायी मिळाले व अखेर पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांनी याच विषयावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले. पंधरा वर्षांनंतरही भाऊ परत येतील असे लोकांना वाटत होते, ही बाब बोलकी आहे. पुण्यातील सर्व लोक त्यांना केवळ हट्टी कारभारी मानत असते, तर त्यांच्या परतण्याची अशी आस उरली नसती.

६. निर्णयांचे मूल्यमापन

स्वभावाचा प्रश्न बाजूला ठेवून निर्णयांकडे पाहिल्यास तीन कसोट्या लावता येतात : त्या वेळी सेनापतीला काय ठाऊक होते, कोणते पर्याय खुले होते आणि परिणाम कोणाला भोगावे लागले.

पहिला निर्णय युद्धपद्धतीचा. गनिमी कावा सोडून तोफा व कवायती पायदळ यांवर विसंबणे ही भाऊंची घोडचूक मानली जाते. परंतु उदगीरचा ताजा अनुभव या पद्धतीच्या बाजूने होता. पुढे पानिपतातून जखमी होऊन वाचलेल्या महादजी शिंद्यांनीच द बॉयनच्या हाताखाली कवायती पलटणी उभारल्या व उत्तरेत सत्ता बसवली. म्हणजे भाऊंची दिशा त्यांच्या वारसांनी टाकून दिली नाही. उणीव होती ती या पद्धतीला लागणाऱ्या व्यवस्थेची. अवजड तोफखान्याला सुरक्षित रसदमार्ग, नियमित पगार आणि एका आज्ञेखाली चालणारी फौज लागते. सरंजामी सरदारांची पथके आपापल्या खर्चाने व आपापल्या विचाराने लढत होती. नवे शस्त्र जुन्या व्यवस्थेवर बसवले गेले. याची जबाबदारी एकट्या भाऊंवर टाकता येणार नाही, पण त्यांना या विसंगतीची जाणीव असायला हवी होती.

दुसरा निर्णय पैशाचा व मैत्रीचा. भाऊंची पत्रे पैशाच्या मागणीने भरलेली आहेत. ऑगस्ट १७६० च्या आरंभी दिल्ली हाती आली, पण खजिना आला नाही. दिवाण-ए-खासच्या छतातून सुमारे नऊ लाख रुपये निघाले. एवढ्या फौजेचा खर्च त्यातून फार काळ भागणारा नव्हता. सूरजमल निघून गेल्याने धान्य, मुलूख व स्थानिक माहिती या तिन्हींना मराठे मुकले. छताच्या मोलाशी या हानीची तुलना करता हा व्यवहार तोट्याचाच ठरतो. येथे भाऊंची चूक गर्वाची असेल किंवा नसेल. हिशेबाची मात्र निश्चित होती, आणि हिशेब हेच तर त्यांचे बलस्थान होते.

तिसरा निर्णय कुंजपुऱ्याचा. १७ ऑक्टोबर १७६० रोजी ते ठाणे जिंकून मराठ्यांनी धान्य व रोकड मिळवली. यमुनेला पूर असल्याने अब्दाली पलीकडे अडकला आहे, या समजुतीवर ही उत्तरेकडील चाल आधारलेली होती. ऑक्टोबरच्या अखेरीस त्याने बागपतजवळ नदी ओलांडली आणि दिल्लीचा मार्ग रोखला. पूर ओसरणार हे ऋतुमानाने ठरलेले होते. उतारांवर पुरेसा पहारा न ठेवणे ही सेनापतीच्या पदरात पडणारी चूक होय.

चौथा निर्णय पानिपतावर खंदक खणून सुमारे अडीच महिने थांबण्याचा. या काळात सारा भरवसा दोन गोष्टींवर होता : गोविंदपंतांनी दोआबात अब्दालीची रसद तोडणे आणि दक्षिणेतून कुमक येणे. डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत मारले गेले. नानासाहेब पेशवे त्याच महिन्याच्या अखेरीस पैठण येथे द्वितीय विवाहात गुंतले होते. युद्धाची वार्ता त्यांना माळव्यात, भेलशाच्या परिसरात समजली. येथे दोष वाटून घ्यावा लागतो आणि त्यातील मोठा वाटा पुण्याच्या केंद्रसत्तेकडे जातो. वृद्ध मामलेदाराच्या पथकावर एका साम्राज्याची रसद अवलंबून असणे हाच मुळात व्यवस्थेचा पराभव होता.

पाचवा निर्णय रणांगणावरचा. विश्वासराव गोळी लागून पडल्यावर भाऊ हत्तीवरून उतरले, घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले, असे सांगितले जाते. गौरवाच्या परंपरेत हा आत्मयज्ञ आहे. टीकाकारांच्या मते हे सेनापतिपदाचे विसर्जन आहे. रिकामी अंबारी पाहून फौजेचा धीर सुटला, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. एकाच कृतीत वैयक्तिक शौर्य आणि आज्ञासूत्राचा शेवट या दोन्ही गोष्टी घडल्या. पहिलीचा आदर राखूनही दुसरीची नोंद करता येते, आणि ती केली पाहिजे.

७. बुणग्यांचा प्रश्न

भाऊंच्या मूल्यमापनात सर्वांत कमी चर्चिला गेलेला भाग म्हणजे फौजेसोबतचे न लढणारे लोक. सरदारांचे कुटुंबकबिले, सेवक, बाजारबुणगे आणि उत्तरेच्या तीर्थयात्रेच्या आशेने निघालेले यात्रेकरू यांची संख्या किती होती याविषयीचे अंदाज परस्परांशी जुळत नाहीत. पण ती मोठी होती याबद्दल दुमत नाही. अशा मोहिमांत कबिले बरोबर नेण्याची रीत त्या काळी रूढ होती, म्हणून हा भाऊंचा लहरीपणा म्हणता येत नाही. परंतु त्यांना मागे सुरक्षित ठिकाणी ठेवण्याची सूचना झाली होती, असे बखरी व उत्तरेकडील परंपरा दोन्ही सांगतात. एरवी प्रत्येक मुद्द्यावर भांडणाऱ्या या साक्षी जेथे एकमत होतात, तेथे त्यांचे वजन वाढते. दिल्ली हाती आल्यानंतरही हा पर्याय काही काळ खुला होता.

याचे परिणाम ज्यांनी भोगले त्यांना निर्णयात स्थान नव्हते. पानिपतच्या खंदकात अन्न संपत गेले तेव्हा उपासमारीची पहिली झळ त्यांना बसली. पराभवानंतरच्या कत्तलीत हजारो पुरुष मारले गेले, बायकामुले गुलाम म्हणून नेली गेली. तरुण नाना फडणीस या रणातून वाचले, पण त्यांच्या मातोश्री हरपल्या. नानांचे आत्मवृत्त उपलब्ध असल्याने ती एक हानी तरी आपल्यापर्यंत पोहोचली. इतरांची बखर कोणी लिहिली नाही. त्यांना कोणते घराणे नव्हते, की कैफियत मांडणारा कारकून नव्हता.

अलीकडच्या वर्षांत १४ जानेवारीला पानिपतजवळच्या काला अंब येथे शौर्यदिन साजरा होतो. पराभूतांच्या शौर्याचे स्मरण ठेवणे उचितच आहे. पकडल्यानंतर हाल करून मारल्या गेलेल्या इब्राहीमखान गारद्याची निष्ठाही या स्मरणात यायला हवी. मात्र शौर्याचा गौरव जसजसा वाढतो, तसतसा हजारो नि:शस्त्र माणसे त्या मैदानावर का होती, हा प्रश्न विचारणे कठीण होत जाते. सेनापतीची प्रतिमा उजळताना त्याच्यावर अवलंबून असलेल्यांचा विसर पडणे, हा गौरवपर लेखनाचा मोठा दोष आहे.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. भाऊंच्या स्वभावाविषयीचे बहुतेक चित्र पक्षकारांच्या साक्षींतून आले आहे. त्याचा उपयोग त्या त्या घराण्याची भूमिका समजण्यासाठी होतो. युद्धाच्या निकालाचे कारण म्हणून तो अपुरा आहे.

२. राजवाडे व शेजवलकर यांनी पुराव्याची भूमी बदलली, ही मोठी कामगिरी होय. परंतु दोषी व्यक्ती शोधण्याची चौकट त्यांच्या लेखनातही टिकून राहिली आणि ललित साहित्याने तीच स्वीकारली.

३. युद्धपद्धतीची निवड व ऑक्टोबर १७६० चे बादशाहीविषयक धोरण या बाबतींत भाऊंवरील रूढ आरोप टिकत नाहीत.

४. सूरजमलशी तुटलेली मैत्री, यमुनेच्या उतारांकडे झालेले दुर्लक्ष आणि बुणग्यांना सोबत ठेवण्याचा निर्णय यांचे उत्तरदायित्व मात्र त्यांच्याकडेच राहते. पैसा व कुमक यांच्या अभावाचे उत्तरदायित्व पुण्याच्या सत्तेकडे जाते.

पानिपत वर्गात शिकवताना विद्यार्थ्यांकडून हमखास विचारला जाणारा प्रश्न 'चूक कोणाची?' हा असतो. त्याचे एका नावात उत्तर देण्याऐवजी बखरीतील एक प्रसंग, राजवाड्यांच्या खंडातील त्याच महिन्याचे एक पत्र आणि कादंबरीतील तेच प्रकरण शेजारी शेजारी ठेवून वाचून घेतल्यास विद्यार्थी स्वतःच निर्णय आणि स्वभाव यांत फरक करू लागतील. ज्यांच्या वतीने पत्र नाही, बखर नाही आणि प्रकरणही नाही, त्या छावणीतील माणसांचा शोधही त्याच वाचनातून सुरू होऊ शकेल. भाऊंचे मूल्यमापन तेव्हा त्यांच्या अनुयायांच्या अपेक्षेइतके उज्ज्वल राहणार नाही, आणि त्यांच्या निंदकांनी रंगवले तितके काळेही राहणार नाही.